‘इन द गोडाउन’ हे शब्द कोणाचे? एका विमा-दाव्यातील वाक्याचे प्रकरण

मुंबईतील कागद आयात करणाऱ्या एका पेढीचा विमा-दावा ऐन पावसाळ्यात अडकून पडला. कागदपत्रे पूर्ण होती, सर्व्हे वेळेवर झाला होता आणि नुकसानीच्या रकमेवरही वाद नव्हता. दावा अडला तो पेढीनेच विमा कंपनीला लिहिलेल्या पत्रातील एका वाक्यामुळे: ‘फिफ्टी-टू कार्टन्स वेअर फाउंड वेट इन द गोडाउन.’ या वाक्यात व्याकरणाची चूक काढता येत नाही. क्रियापदाचे रूप बरोबर आहे, विशेषण योग्य आहे, शब्दांचा क्रमही शाळेत शिकवतात तसाच आहे. तरीही लिहिणाऱ्याने ते एका अर्थाने लिहिले आणि वाचणाऱ्याने दुसऱ्याच अर्थाने वाचले. पेढीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे ही फाइल माझ्यासमोर आली. येथे संबंधितांची नावे आणि रकमा गाळून फक्त भाषेचे प्रकरण मांडले आहे.

माल होता इंडोनेशियाहून आलेला कॉपियर पेपर, एका खोक्यात पाचशे कागदांची पाच रिमे याप्रमाणे बांधलेला. कंटेनर न्हावा-शेवा बंदरात उतरला, कस्टम्सचे सोपस्कार झाले आणि जुलैतल्या एका मुसळधार पावसाच्या दिवशी तो ट्रेलरवरून रे रोडच्या गोदामात आला. सील शाबूत होते. दार उघडून माथाडी कामगारांनी पुढच्या रांगा उतरवल्या तोवर सगळे कोरडे होते. आतल्या टोकाची खोकी मात्र वरून खालपर्यंत भिजून फुगली होती आणि हात लावताच त्यांचा पुठ्ठा सुटत होता. गोदामाच्या देखरेखकाराने तेथेच लॉरी रिसीटवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, शेरा मारून चालकाची सही घेतली. पुढे सगळ्या दाव्याला आधार मिळाला तो या सहीचा.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीने नेमलेला परवानाधारक सर्व्हेअर आला. त्याने ओल्या पुठ्ठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पाहिले. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडशी संयोग झाला की या द्रावणाचा पांढरा, दुधट साका तयार होतो. येथे तसे काही झाले नाही, म्हणजे पाणी खारे नव्हते, पावसाचे होते. नंतर त्याने रिकाम्या कंटेनरमध्ये उभे राहून दारे आतून ओढून घ्यायला सांगितली, आणि छपराच्या कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ आत आलेली दिसली. छपराला भोक होते, हे या साध्या ‘लाइट टेस्ट’मुळे कळले. परंतु भोक असणे आणि त्याच भोकातून आलेल्या पाण्याने हीच खोकी भिजणे या दोन गोष्टी एकच नाहीत, असे म्हणायला विमा कंपनीला जागा उरत होती. पाणी खारे निघाले असते तर ते समुद्रप्रवासातच लागले, हे कोणालाही नाकारता आले नसते. पावसाचे पाणी मात्र बंदरात, रस्त्यावर किंवा रे रोडच्या जुन्या पत्र्यांच्या गोदामात, कोठेही लागू शकते.

आणि नेमके तेच दाव्याच्या दृष्टीने निर्णायक होते. पॉलिसी ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’ या मालवाहतूक विम्याच्या प्रमाणित कलमांच्या २००९ च्या ‘ए’ संचावर होती. त्यानुसार संरक्षण नेहमीच्या ओघात संपते ते शेवटच्या गोदामात वाहनातून माल उतरवून पूर्ण होताच. जहाजातून माल उतरल्यापासून ६० दिवसांची बाह्य मर्यादाही आहे, पण ती येथे गैरलागू होती. म्हणजे खोकी कंटेनरमध्ये भिजली असतील तर नुकसान विमा कंपनीचे, आणि उतरवून झाल्यावर गोदामात भिजली असतील तर पेढीचे. अशा स्थितीत पेढीच्याच लेटरहेडवर ‘वेट इन द गोडाउन’ असे शब्द आले होते. विमा कंपनीने विचारले की, आपल्याच पत्रानुसार माल गोदामात ओला झालेला असताना ट्रान्झिट पॉलिसी त्याला कशी लागू होते? पेढीत या प्रश्नाचा राग आला आणि ‘पैसे द्यायचे नाहीत म्हणून शब्दांचा कीस काढताहेत’ असा सूर निघाला. माझे मत तेव्हाही वेगळे होते. त्या अधिकाऱ्याने वाक्याला मुरड घातली नव्हती. वाक्याने समोर ठेवलेल्या दोन अर्थांपैकी इंग्रजी वाचणारा मनुष्य सहसा प्रथम ज्या अर्थाकडे जातो, तोच त्याने घेतला होता.

वाक्याची घडण

मूळ विधान कर्तरी आहे: ‘वी फाउंड द कार्टन्स वेट.’ येथे ‘वेट’ हे विशेषण कर्माचे, म्हणजे खोक्यांचे विधानपूरक आहे. शोधण्याच्या क्रियेशी त्याचा संबंध नाही. कर्मणी प्रयोग केला की कर्म पुढे येऊन ‘द कार्टन्स वेअर फाउंड वेट’ असे होते, आणि साहाय्यक क्रियापदही गाळले तर ‘कार्टन्स फाउंड वेट’ एवढेच उरते. तिन्ही रूपांत विशेषण पास्ट पार्टिसिपलला (येथे ‘फाउंड’ला) चिकटून उभे दिसते, पण सांगते ते नामाविषयी. म्हणूनच तेथे क्रियाविशेषण चालत नाही. ‘डिक्लेअर्ड इल्लीगल’ म्हणजे बेकायदा ठरवलेले, तर ‘डिक्लेअर्ड इल्लीगली’ म्हणजे ठरवण्याची कृतीच बेकायदा. एका प्रत्ययाने आरोप मालावरून अधिकाऱ्यावर जातो.

पार्टिसिपलमागून येणारी ही विशेषणे एकाच जातीची नसतात. ‘डीम्ड फिट’, ‘कन्सिडर्ड सेफ’ यांत विशेषण काढले तर विधान कोलमडते किंवा वेगळेच होते, कारण मानण्याच्या क्रियेला काय मानले हे लागतेच. ‘शिप्ड लूज’, ‘सर्व्हड हॉट’, ‘रिसीव्हड डॅमेज्ड’ यांत शेवटचा शब्द काढला तरी माल पाठवला, वाढला, मिळाला हे खरेच राहते, आणि तो शब्द क्रियेच्या क्षणी वस्तू कोणत्या स्थितीत होती एवढेच सांगतो. ‘पेंटेड व्हाइट’, ‘टॉर्न ओपन’ यांतील विशेषण मात्र क्रियेचा परिणाम सांगते: रंगवल्यामुळे पांढरे झाले, फाडल्यामुळे उघडले. दाव्याच्या भाषेत हा भेद फार कामाचा आहे. ‘रिसीव्हड वेट’ म्हटले की ओलेपणा स्वीकारण्याच्या आधीचा ठरतो. ‘फाउंड वेट’ म्हटले की तो सापडण्याच्या आधीचा ठरतो, पण सापडणे कधी घडले हे उघडेच राहते. पेढीने ‘फाउंड’ऐवजी ‘रिसीव्हड’ लिहिले असते तर बहुधा पुढचा पत्रव्यवहार झालाच नसता.

आता प्रीपोझिशनने सुरू होणारा शब्दसमूह. पार्टिसिपल आणि विशेषण यांच्यानंतर तो आला की त्याला दोन मालक संभवतात. काही समूह आपला मालक स्वतःच जाहीर करतात. ‘फाउंड गिल्टी ऑफ थेफ्ट’मध्ये ‘ऑफ’ला ‘गिल्टी’ हवे असते, ‘फाउंड’शी त्याचे जुळत नाही. ‘डीम्ड फिट फॉर यूज’मध्ये ‘फॉर’ला ‘फिट’ हवे असते. ‘बेस्ड ऑन’, ‘एक्सपोज्ड टू’, ‘अटॅच्ड टू’ यांत प्रीपोझिशन पार्टिसिपलनेच ठरवून दिलेले असते. अशा ठिकाणी घोळ होत नाही. घोळ होतो तो स्थळ, काळ आणि प्रसंग सांगणाऱ्या मोकळ्या समूहांचा. ‘इन द गोडाउन’, ‘ऑन मंडे’, ‘ड्युरिंग अनलोडिंग’ हे समूह कोणत्याही क्रियेला किंवा स्थितीला लागू शकतात, आणि त्यांच्या रूपावरून ते कोणाला लागले आहेत हे कळत नाही. ‘फाउंड वेट इन द गोडाउन’चा एक अर्थ ‘गोदामात आढळले की ओली आहेत’ असा, आणि दुसरा ‘आढळले की गोदामात ओली होऊन पडली आहेत’ असा.

दोन्ही वाटा मोकळ्या असताना वाचक दुसऱ्या वाटेने का जातो, यावर भाषाविज्ञानात पुष्कळ काम झाले आहे. लिन फ्रेझियर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या तत्त्वानुसार, पर्याय समान असले की वाचक नवा शब्दसमूह सध्या वाचत असलेल्या, म्हणजे जवळच्या घटकाला जोडतो. पार्टिसिपलच्या बाबतीत वाचक कसा फसतो याचे गाजलेले उदाहरण थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये दिले होते: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ ‘रेस्ड’ला साधा भूतकाळ समजून वाचक ‘बार्न’पर्यंत वाक्य पूर्ण करून मोकळा होतो आणि ‘फेल’पाशी ठेचकाळतो, कारण ‘कोठाराजवळून पळवला गेलेला घोडा’ ही जोडणी त्याला सुचलेलीच नसते. पेढीच्या पत्रातही ‘द कार्टन्स लोडेड नियर द डोअर रिमेन्ड ड्राय’ असे एक वाक्य होते आणि त्याने हाच धक्का दिला असता. परंतु खोकी स्वतः काही चढवत नाहीत, त्यामुळे तेथे वाचक लगेच सावरतो. मागच्या शेपटीचा मालक ठरवताना न्यायाधीशांचेही एकमत होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या लॉकहार्ट प्रकरणात, तीन गुन्ह्यांच्या यादीमागे आलेला एक शब्दसमूह तिन्हींना लागतो की फक्त शेवटच्याला, याचा निर्णय ६ विरुद्ध २ अशा मतांनी दिला, आणि तो शेवटच्यालाच लागतो असे ठरवले.

हे वाक्य कसे घडले असावे

पत्र लिहिणारे मुख्य कारकून अनुभवी आहेत आणि ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या पत्रांत व्याकरणाची चूक सहसा सापडत नाही. हे वाक्य दाखवल्यावर त्यांनी सरळ विचारले, “सर, खोकी गोदामातच भिजलेली सापडली ना? मग ‘इन द गोडाउन’ शेवटी नाही टाकायचं, तर टाकायचं कुठं?” या प्रश्नातच वाक्याचा जन्म दिसतो. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म, मग स्थळ आणि शेवटी काळ, हा इंग्रजी वाक्याचा क्रम आपल्याकडे शाळेपासून घोटून घेतलेला असतो, आणि नव्वद टक्के कामकाज त्याने निभावतेही. मात्र त्या क्रमात स्थळाची जागा ठरते, त्याचा मालक ठरत नाही. वाक्यात एकच क्रिया असेपर्यंत मालकाचा प्रश्नच येत नाही. पार्टिसिपल आणि विशेषण एकापुढे एक आले की वाक्यात घटना दोन होतात, आणि तरीही स्थळ सवयीने शेवटी जाऊन बसते.

येथे मराठी स्पष्ट आणि इंग्रजी संदिग्ध, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो टिकत नाही. काकांच्याच तोंडचे ‘गोदामातच भिजलेली सापडली’ हे वाक्य पाहिले तर तेथेही ‘गोदामात’ हा शब्द ‘भिजलेली’ला चिकटला आहे, आणि विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ते मराठीत ऐकले असते तरी हाच प्रश्न विचारला असता. फरक एवढाच की ‘गोदामात कंटेनर उघडला तेव्हा खोकी भिजलेली सापडली’ असे म्हणताना मराठी बोलणारा स्थळ सहज वाक्याच्या आरंभी नेतो आणि ते ‘भिजलेली’पासून लांब पडते. इंग्रजीतही ही मुभा आहे, पण मुद्दाम वापरावी लागते, आणि शाळेतला क्रम तिच्या आड येतो.

त्याच पत्रातील दुसरे एक वाक्य याहून धोकादायक निघाले: ‘कार्टन्स डॅमेज्ड बाय रेन वॉटर स्टोअर्ड इन द गोडाउन आर अव्हेलेबल फॉर इन्स्पेक्शन.’ साठवली होती खोकी, पण ‘स्टोअर्ड’ हे दुसरे पार्टिसिपल ‘वॉटर’ला लागून आल्यामुळे साठा पाण्याचा झाला. विमा कंपनीच्या पत्रात खरोखरच प्रश्न होता की गोदामात पावसाचे पाणी साठले होते काय, आणि साठले असल्यास किती उंचीपर्यंत. ऑफिसात यावर हशा पिकला, पण रे रोडला पावसाळ्यात पाणी भरते हे ज्या अधिकाऱ्याला ठाऊक आहे त्याला हा प्रश्न मुळीच हास्यास्पद वाटणार नाही. पहिल्या वाक्याने लावलेल्या अर्थाला दुसऱ्याने जणू दुजोराच दिला होता.

इतर दोष किरकोळ होते. ‘द वेट कार्टन्स वेअर केप्ट ओपनली’ याचा अर्थ खोकी लपवून ठेवली नाहीत एवढाच होतो. सांगायचे होते की उघडून ठेवली आहेत, म्हणजे ‘केप्ट ओपन’. ‘इन्टिमेशन वॉज गिव्हन लेटली’ हे वाक्य सूचना उशिरा दिली असे सांगण्यासाठी होते, पण ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. उशिराला ‘लेट’ हेच क्रियाविशेषण आहे. मुळात सूचना दुसऱ्याच दिवशी गेलेली असताना, न विचारलेल्या उशिराची कबुली देण्याचे काही कारण नव्हते. नव्या पत्रात ते वाक्य मी दुरुस्त न करता गाळायला सांगितले.

उत्तर आणि त्यानंतर

स्पष्टीकरणाच्या पत्रात मूळ वाक्याची वकिली करायची नाही, असे ठरवले. ‘आमच्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता’ असे लिहिणाऱ्याचे पुढचे वाक्यही संशयाने वाचले जाते. त्याऐवजी घटनाक्रम नव्याने लिहिला आणि त्यातील मुख्य वाक्य असे केले: ‘ऑन डिस्टफिंग द कंटेनर ॲट अवर गोडाउन, वी फाउंड फिफ्टी-टू कार्टन्स अल्रेडी वेट इनसाइड द कंटेनर.’ गोदामाचा उल्लेख वाक्याच्या आरंभी नेऊन तो कंटेनर रिकामा करण्याच्या क्रियेला बांधला. ‘अल्रेडी’ने ओलेपणा त्या क्रियेच्या आधीचा ठरवला. कर्मणी प्रयोग सोडून ‘वी’ आणला, त्यामुळे कोणी पाहिले हेही सांगितले गेले. शेवटची जागा, जिच्यामुळे सगळा घोटाळा झाला होता, ती आता ‘इनसाइड द कंटेनर’ला दिली. वाचक जवळच्या शब्दाला जोडणारच असेल तर त्याने ‘वेट’ला हाच समूह जोडावा, अशी ती योजना होती. साठवणुकीचे वाक्य फोडून दोन केली: नुकसान कशाने झाले ते एका वाक्यात, आणि खोकी आता कोठे आहेत ते दुसऱ्यात.

दावा मंजूर झाला तो या वाक्यामुळे, असे मी म्हणणार नाही. चालकाची सही असलेली लॉरी रिसीट, ‘लाइट टेस्ट’ची नोंद आणि सर्व्हेअरच्या अहवालातील ‘ऑब्झर्व्हड वेट ॲट द टाइम ऑफ डिस्टफिंग’ हे शब्द यांनी काम केले. भंगाराची किंमत वजा करून रक्कम मिळाली. पण ही तीनही कागदपत्रे पहिल्या पत्रासोबतच गेली होती, आणि पत्रातील वाक्य त्यांच्याशी विसंगत दिसत असल्यामुळेच ती बाजूला पडली होती. वाक्य बदलल्यावर तेच पुरावे पत्राच्या बाजूने बोलू लागले.

प्रकरण मिटल्यावर काकांनी दाव्याच्या पत्राचा नवा मसुदा तयार केला आणि त्यात स्थळ-काळाचे प्रत्येक शब्दसमूह कटाक्षाने वाक्याच्या आरंभी नेले. त्यामुळे वर्षानुवर्षे वापरात असलेले ‘थ्री कार्टन्स वेअर फाउंड डॅमेज्ड इन ट्रान्झिट’ हे वाक्य ‘इन ट्रान्झिट, थ्री कार्टन्स वेअर फाउंड डॅमेज्ड’ असे झाले. जुन्या वाक्यात ‘इन ट्रान्झिट’ हा समूह ‘डॅमेज्ड’ला लागत होता, आणि पेढीला तेच हवे होते: नुकसान वाटेत झाले. नव्या वाक्यात तो ‘फाउंड’ला लागतो, आणि खोकी वाटेतच कोणीतरी उघडून पाहिली असा अर्थ निघतो. शाबूत सीलचा दाखला देणाऱ्या पत्रात असे वाक्य गेले असते तर पुढचा प्रश्न सीलविषयी आला असता. तेवढे एक वाक्य पूर्ववत करून मसुदा मंजूर केला, आणि समासात काकांनी पेन्सिलने टीप लिहिली: ‘सापडले कुठे ते आधी, बिघडले कुठे ते शेवटी.’